सुंठीवाचून चक्कर गेली असती का?

एखादं संकट परस्पर टळलं की आपण ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणतो. औषधाच्या परीक्षेत ही म्हण अक्षरशः लागू पडते. सुंठ घेतली आणि बरं वाटलं, एवढ्यानं सुंठीचा गुण सिद्ध होत नाही. न घेताही तेवढ्याच दिवसांत बरं वाटलं असतं का, हे कुणीतरी ताडून पाहिलेलं असावं लागतं. चक्कर येण्याच्या बाबतीत हा प्रश्न खोकल्यापेक्षाही अवघड होतो. चक्कर अचानक येते, माणसाला घाबरवून सोडते आणि पुष्कळदा काही दिवसांत आपणहून ओसरते. मधल्या काळात जे काही पोटात गेलं असेल, त्याच्या नावावर गुण जमा होतो.

आपल्याकडे चक्करेवर घरोघरी चालणारे उपाय पुष्कळ आहेत: धण्याचं पाणी, मोरावळा, कोकम सरबत, लिंबू-साखर-मीठ. त्यांतल्या बहुतेकांची काटेकोर परीक्षा कधी झालीच नाही. आलं आणि सुंठ यांचं तसं नाही. घाटात गाडी लागू नये म्हणून तोंडात धरायची आलेपाकाची वडी, मळमळून गरगरायला लागलं की चाटायची सुंठ-साखर, हे आपल्या ओळखीचं औषध. त्याच औषधाची डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका आणि तैवान इथल्या संशोधकांनी १९८० नंतर वारंवार परीक्षा घेतली आहे. कुणी फिरत्या खुर्चीवर बसवून, कुणी खवळलेल्या समुद्रावर, कुणी कानात पाणी सोडून. त्या सगळ्या परीक्षांचे निकाल एकत्र वाचले की सुंठीची बाजू कुठे भक्कम आहे आणि कुठे ती नुसती सांगोवांगी आहे, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

त्याआधी चक्कर म्हणजे काय, याचा थोडा उलगडा हवा. ‘चक्कर येते’ असं सांगत दवाखान्यात येणाऱ्या माणसांचे आजार एकच नसतात. कुणाचं घर भिंतींसकट फिरतं. कुणाला बसल्या जागेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणी म्हणतं, फिरत काही नाही, पण चालताना पायाखालची जमीन नीट लागत नाही. कुणाला दुपारच्या उन्हात भोवळ येते. पहिल्या प्रकाराचं मूळ बहुतेक वेळा अंतर्कर्णात असतं, दुसऱ्याचं रक्तदाबात, तिसऱ्यात तोल सांभाळणाऱ्या अनेक यंत्रणा गुंतलेल्या असू शकतात, चौथ्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं किंवा रक्त. अर्धशिशीचीही एक जात अशी आहे की जिच्यात डोकं दुखण्यापेक्षा गरगरणंच पुढे असतं.

अंतर्कर्णाच्या चकरांमध्ये सर्वांत जास्त आढळते ती ‘बीपीपीव्ही’. अंतर्कर्णात कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये शिरले की कूस बदलताना, मान वर करून फळीवरचा डबा काढताना, अंथरुणावर आडवं होताना काही सेकंद जग भिरभिरतं. दुसरी चक्कर तोलाच्या मज्जातंतूला सूज आल्यानं येते. ती माणसाला दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळवते आणि मग हळूहळू उतरते, कारण एका कानाकडून येणारी माहिती बिघडली तरी मेंदू नवा हिशेब बसवतो. तिसरी मेनिएरची. प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये तिचं मूळ मेंदूत नसून कानात आहे हे दाखवलं. तिच्यात कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं आणि झटके लहरीपणानं येतात-जातात. म्हणजे या तिन्ही आजारांत उतार हा आजाराच्या स्वभावातच आहे. म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेली कोणतीही चाचणी, मग ती सुंठीची असो की कारखान्यातल्या गोळीची, इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते.

आता सुंठीच्या चाचण्या. मार्च १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात डॅनियल मॉवरी आणि डेनिस क्लेसन या दोघा अमेरिकनांचा लेख आला. त्यांनी सहज गाडी लागणारे ३६ विद्यार्थी निवडले. कुणाला ९४० मिलिग्रॅम सुंठपूड दिली, कुणाला डायमेनहायड्रिनेट हे प्रवासातल्या उलटीचं नेहमीचं औषध १०० मिलिग्रॅम, आणि कुणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. मग डोळे बांधून त्यांना तिरक्या फिरत्या खुर्चीवर बसवलं. सुंठ घेतलेले सर्वांत जास्त वेळ टिकले. नेहमीच्या औषधालाही सुंठीनं मागे टाकलं, ही बातमी जगभर गेली आणि आजही सुंठीच्या गोळ्यांच्या जाहिरातींत तिचा हवाला दिला जातो. पण ३६ जण तीन गटांत वाटले की एकेका गटात बाराच उरतात. शिवाय औषध दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटांतच खुर्ची फिरली, आणि तेवढ्या वेळात डायमेनहायड्रिनेटचा पुरता अंमल चढलेला नसतो. अशा शर्यतीत सुंठ पहिली आली, याचा अर्थ तिच्यात काहीतरी आहे एवढाच काढता येतो.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा निबंध चार वर्षांनंतरचा, डेन्मार्कचा आहे. ग्रॉन्टवेड आणि हेन्त्झर यांनी १९८६ मध्ये आठ निरोगी माणसांवर कानात पाणी सोडण्याची जुनी चाचणी केली. ही चाचणी व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांची. कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असलं की रुग्णाला गरगरतं आणि त्याची बुबुळं एका दिशेला झटके देऊ लागतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बुबुळांच्या या झटक्यांना निस्टॅग्मस म्हणतात. बारानी यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. निस्टॅग्मस महत्त्वाचा अशासाठी की तो अंतर्कर्णाच्या यंत्रणेची साक्ष आहे. किती गरगरतंय हे रुग्ण सांगतो, त्यात त्याचं मन मिसळलेलं असतं. बुबुळांचे झटके मात्र यंत्रावर मोजता येतात.

डेन्मार्कच्या त्या आठ जणांना कधी एक ग्रॅम सुंठपूड दिली, कधी प्लासिबो. कुणाला केव्हा काय मिळालं, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. चकरेच्या तीव्रतेच्या एकूण ४८ नोंदी जमा झाल्या. सुंठ घेतली असता गरगरणं कमी झाल्याचं माणसांनी सांगितलं, आणि हा फरक योगायोगाचा म्हणता येण्याजोगा नव्हता. पण निस्टॅग्मस तसाच राहिला. त्याचा कालावधी घटला नाही, वेगही नाही. म्हणजे कान पूर्वीसारखाच गडबडलेला होता, माणसाला त्याचा त्रास मात्र कमी होत होता.

तीन वर्षांनी जर्मनीतल्या संशोधकांनी हाच धागा पुढे नेला. ३८ जणांवर त्यांनी कानात पाणी सोडून, खुर्ची फिरवून आणि डोळ्यांपुढून पट्टे सरकवून अशा तीन तऱ्हांनी निस्टॅग्मस उत्पन्न केला. डायमेनहायड्रिनेटनं तो दबला. सुंठीचा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही. तोलाच्या यंत्रणेवर किंवा डोळ्यांच्या हालचालीवर सुंठ काम करत नाही, प्रवासात तिचा उपयोग होत असलाच तर तो पोटाच्या वाटेनं होत असावा, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्या अभ्यासांनी तो खोडलेला नाही, उलट त्याला आधारच दिला आहे.

पण प्रयोगशाळेतली खुर्ची वेगळी आणि समुद्र वेगळा. १९८८ मध्ये ग्रॉन्टवेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नौदलाच्या ८० शिकाऊ खलाशांना खवळलेल्या समुद्रावर एक ग्रॅम सुंठ किंवा प्लासिबो दिलं आणि पुढचे चार तास दर तासाला लक्षणं नोंदवली. वांती आणि थंड घाम सुंठीनं निश्चितपणे कमी झाला. वांतीपासून मिळणारं संरक्षण त्यांनी ७२ टक्के काढलं. मळमळ आणि चक्कर यांच्याही तक्रारी कमी आल्या, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. हा निबंध सुंठीच्या बाजूनं हमखास सांगितला जातो, आणि सांगताना शेवटचं वाक्य बहुधा गळतं. बोट लागण्यावर सुंठीचा हा सर्वांत चांगला पुरावा आहे. चक्करेवरचा पुरावा म्हणून मात्र तो अपुरा आहे. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात आहेत.

अमेरिकेत १९९१ मध्ये निकाल सपशेल उलट आला. २८ स्वयंसेवक, फिरती खुर्ची आणि फिरताना ठरलेल्या पद्धतीनं मान हलवायची. ओकारीच्या अगदी अलीकडे थांबायचं. अर्धा ग्रॅम सुंठ, एक ग्रॅम सुंठ, एक ग्रॅम ताजं आलं, कशानंही संरक्षण मिळालं नाही. स्कोपोलमाइन हे औषध घेतल्यावर मात्र तीच माणसं प्लासिबोच्या तुलनेत सरासरी १४७.५ वेळा जास्त मान हलवू शकली. उत्तर नॉर्वेत देवमासे पाहायला बोटीनं जाणाऱ्या शेकडो पर्यटकांवर सात उपायांची तुलना झाली, त्यांत सुंठही होती. ती इतरांच्या तोडीस तोड ठरली. पण त्या चाचणीत प्लासिबोचा गटच नव्हता, त्यामुळे सातही उपाय सारखेच उपयोगी की सातही सारखेच निरुपयोगी, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

इतके परस्परविरोधी निकाल का? एक कारण सुंठीतच आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यांचा. आलं वाळताना त्यांतला काही भाग शोगाओल नावाच्या, त्याहून तिखट द्रव्यांत बदलतो. आलं कुठल्या जमिनीतलं, कोवळं काढलं की जून, कसं वाळवलं, किती महिने ठेवलं, यांवर हे प्रमाण ठरतं. अमेरिकेत बाजारातल्या सुंठीच्या दहा गोळ्या-कॅप्सुलांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मुख्य जिंजेरॉलचं प्रमाण त्यांत ग्रॅममागे शून्यापासून ९.४३ मिलिग्रॅमपर्यंत आढळलं. लेबलावर सगळीकडे सुंठच लिहिलेली. ‘एक ग्रॅम सुंठ’ हे माप त्यामुळे ऐकायला नेमकं असलं तरी प्रत्यक्षात फारच सैल आहे. दुसरं कारण तिच्या चवीचं. कॅप्सूल गिळली तरी थोड्या वेळानं ढेकर येतो आणि आपल्याला सुंठ मिळाली हे माणसाला कळून चुकतं. गरगरणं किती, हे रुग्णाच्याच तोंडून ऐकायचं असेल तर असं कळणं निकाल फिरवायला पुरेसं आहे.

पोटाच्या वाटेबद्दल मात्र आता ठोस सांगता येतं. मिशिगनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाडी लागणाऱ्या १३ जणांना फिरत्या पट्ट्यांच्या पिंपात बसवलं. माणूस स्थिर, फिरतात ते पट्टे, पण फिरतोय आपणच असं वाटतं. एक आणि दोन ग्रॅम सुंठीनं मळमळ उशिरा सुरू झाली, लवकर थांबली, जठराच्या बिघडलेल्या लहरी ताळ्यावर राहिल्या आणि मळमळीत वाढणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तितकं चढलं नाही. तैवानमध्ये २४ निरोगी माणसांवर १.२ ग्रॅम सुंठीनं जठर निम्मं रिकामं होण्याचा वेळ २६.७ मिनिटांवरून १३.१ वर आला. चियांग माईच्या ७० गर्भवतींवरची २००१ ची चाचणी आणि केमोथेरपी घेणाऱ्या ५७६ रुग्णांवरची २०१२ ची चाचणी या दोन्हींत मळमळ घटली. मळमळीवर सुंठ चालते, हे आपल्या आज्यांचं निरीक्षण खरं होतं आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. चक्कर आणि मळमळ हातात हात घालून येतात. मळमळ बसली की माणूस ‘चक्कर कमी झाली’ असंच म्हणतो. डेन्मार्कच्या आठ जणांचं कोडं बहुधा असंच सुटतं.

या चाचण्यांमध्ये एक मोठी उणीव आहे. त्यांत चक्करेचा रुग्ण जवळजवळ कुठेच नाही. आहेत ते तरुण विद्यार्थी, शिकाऊ खलाशी, हौशी पर्यटक. फिरत्या खुर्चीवरून उतरलं की त्यांची चक्कर संपते. सातारच्या बाजारात आल्याचं पोतं उचलताना गरगरून खाली बसणाऱ्या साठीच्या हमालाबद्दल, किंवा रात्री कूस बदलायला घाबरणाऱ्या बाईबद्दल हे निबंध काहीच सांगत नाहीत. निरोगी कानाला मुद्दाम दिलेली चक्कर आणि आजारी कानाची चक्कर यांना एकच औषध लागू पडेल, असं गृहीत धरायला आधार नाही.

आपली शास्त्रीय परंपरा याबाबतीत घरगुती उपचारांपेक्षा सावध होती. ‘माधवनिदाना’त मूर्च्छा, भ्रम, तंद्रा, संन्यास असे वेगवेगळे विकार एका अध्यायात शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक सांगितला आहे. भ्रमामागे तिथे पित्त आणि वात धरले आहेत, तर चरकसंहितेत भ्रमाची गणना वाताच्या ऐंशी विकारांत येते. सुंठ उष्ण; त्यामुळे पित्ताची चक्कर दिसली की जुना वैद्य सुंठीकडे डोळे झाकून वळणार नाही, तो तूप घातलेला धमाशाचा काढा देईल किंवा आवळ्याकडे जाईल. ही निदानाची चौकट आधुनिक शरीरशास्त्राशी जुळत नाही आणि ओढूनताणून जुळवायचीही गरज नाही. पण प्रत्येक चक्कर वेगळी असते आणि आधी ती ओळखायची, हा आग्रह त्यात आहे. ‘चक्करेवर रामबाण’ असं छापलेल्या डबीत तो हरवतो.

चीनच्या परंपरेत चक्करेवर सर्वांत प्रसिद्ध काढा आहे बानश्या-बाइझू-त्येनमा. १७३२ मधल्या वैद्यकग्रंथात तो नोंदला आहे, आणि त्यात आल्याची एक चकती व दोन लाल बोरं टाकायला सांगितली आहेत. त्यातलं मुख्य द्रव्य त्येनमा हा एक विलक्षण कंद आहे. ही ऑर्किडच्या कुळातली वनस्पती. तिला हिरवं पान नसतं, अन्न ती एका बुरशीकडून मिळवते. तिच्यातलं गॅस्ट्रोडिन हे द्रव्य वेगळं काढून चीनमध्ये त्याची इंजेक्शनंही दिली जातात. या काढ्यावर तिकडे इतक्या चाचण्या झाल्या आहेत की संख्येत सुंठ त्याच्या जवळपासही येत नाही, आणि जवळजवळ सगळ्यांचा निकाल काढ्याच्या बाजूनं. इथेच थांबून विचार करायला हवा. चीनमधल्या नियतकालिकांत ‘यादृच्छिक’ म्हणून छापलेल्या चाचण्यांच्या लेखकांना थेट विचारून केलेली एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांचे गट खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते का, असा प्रश्न. २,२३५ चाचण्यांच्या लेखकांशी बोलणं झालं. अटी पुऱ्या करणाऱ्या निघाल्या २०७. ही पाहणी चक्करेपुरती नव्हती, सगळ्याच विषयांची होती. पण अशा पायावर उभ्या असलेल्या शंभर चाचण्यांची बेरीज करून विश्वास शंभरपट होत नाही. बारकाईनं केलेली एकच चाचणी त्यांच्याहून मोलाची.

मग वनस्पतींपैकी चक्करेच्या खऱ्या रुग्णांवर जास्त चांगली तपासली गेलेली कोणती? गिंकोची पानं. भारतातही त्यांच्या गोळ्या विकल्या जातात, ‘प्राचीन चिनी औषध’ असं म्हणून. चीनमध्ये जुन्या काळापासून औषधात आहे ते गिंकोचं बी, मुख्यतः खोकल्यावर आणि दम्यावर. पानांचा गाळीव अर्क ही विसाव्या शतकातली जर्मन निर्मिती. १९६५ मध्ये तो जर्मनीत औषध म्हणून बाजारात आला. प्राचीनतेचा शिक्का त्याच्यावर मागाहून मारला गेला. तरी पुरावा पुरावाच असतो, तो नीट पाहू.

फ्रान्समध्ये १९८६ साली नव्यानं सुरू झालेल्या आणि कारण न सापडलेल्या चकरेच्या ७० रुग्णांना तीन महिने हा अर्क किंवा प्लासिबो दिलं. अर्क घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोक पूर्ण बरे झाले, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी १८ टक्के. हे आकडे दखल घेण्याजोगे आहेत. त्यांच्यासारख्या पुराव्यावरच जर्मनीच्या वनौषधी आयोगानं १९९४ मध्ये चक्करेसाठी गिंकोला मान्यता दिली. २०१४ मध्ये युक्रेनमधली १६० रुग्णांवरची चाचणी आली. निम्म्यांना रोज २४० मिलिग्रॅम गिंको, निम्म्यांना ३२ मिलिग्रॅम बीटाहिस्टिन, बारा आठवडे. बीटाहिस्टिन म्हणजे आपल्याकडे चक्कर म्हटलं की हमखास लिहून मिळणारी गोळी. गिंको घेणाऱ्यांपैकी ७९ टक्के लोकांना बराच किंवा फारच उतार पडला, बीटाहिस्टिनवाल्यांपैकी ७० टक्के लोकांना. चाचणीमागे अर्क बनवणारी कंपनी होती. निष्कर्ष निघाला की गिंको बीटाहिस्टिनइतकंच गुणकारी आहे.

पण बीटाहिस्टिन स्वतः किती गुणकारी? दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, जर्मनीतल्या १४ केंद्रांवरची ‘बीमेड’ चाचणी प्रसिद्ध झाली. मेनिएरचे २२१ रुग्ण, नऊ महिने, तीन गट: बीटाहिस्टिनची नेहमीची मात्रा, तिच्या तिप्पट मात्रा, आणि प्लासिबो. तिन्ही गटांत झटके कमी झाले. सारखेच कमी झाले. औषधाच्या दोन्ही गटांत प्लासिबोपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. मेनिएर सोडून इतर चकरांवर बीटाहिस्टिन थोडं उपयोगी असू शकेल. सतरा चाचण्या एकत्र पाहणारा ‘कॉक्रेन’ या संस्थेचा त्याच वर्षीचा आढावा तसं सुचवतो, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं बजावूनच. तेव्हा युक्रेनच्या ७९ आणि ७० टक्क्यांकडे पाहताना मनात तिसरा गट उभा करावा लागतो, ज्याला काहीच दिलं नव्हतं आणि जो त्या चाचणीत ठेवलाच नव्हता. त्याचा आकडा कळेपर्यंत गिंकोची बरोबरी कशाशी झाली, हे ठरत नाही. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीनं २०१५ मध्ये गिंकोचे उपयोग ठरवले, त्यांत उतारवयातला विसरभोळेपणा आहे, चक्कर नाही.

याउलट ज्या उपचाराला वनस्पतीही लागत नाही आणि गोळीही लागत नाही, त्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये बीपीपीव्हीसाठी डोकं आणि अंग क्रमाक्रमानं वळवून ते भरकटलेले स्फटिक मूळ जागी नेण्याची कृती प्रसिद्ध केली. काही मिनिटांचं काम. ११ चाचण्या आणि ७४५ रुग्ण यांच्या कॉक्रेन आढाव्यात तुलनेच्या गटातले २१ टक्के रुग्ण आपोआप पूर्ण बरे झाले होते, एप्लीच्या कृतीनं ५६ टक्के. ‘पित्तामुळे’ किंवा ‘मानेच्या मणक्यामुळे’ म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या कितीतरी चकरा याच जातीच्या असतात. कूस बदलताना येणाऱ्या चकरेवर महिनोन्‌महिने काढे पिणाऱ्या माणसाला कुणीतरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन एकदा आडवं करून तपासायला हवं. स्फटिक हलवणं हे यांत्रिक काम आहे, ते सुंठ करू शकत नाही, धमासा करू शकत नाही, बीटाहिस्टिनही करू शकत नाही.

सुंठ अपाय करते का? स्वयंपाकातल्या आणि चाचण्यांतल्या मात्रेत फारसा नाही. छातीत जळजळ ही मुख्य तक्रार. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनशी तिचं भांडण होतं, असं सगळीकडे लिहिलेलं आढळतं, पण १२ निरोगी पुरुषांवर केलेल्या २००५ च्या अभ्यासात सुंठीचा किंवा गिंकोचा वॉरफरीनवर परिणाम दिसला नाही. तरीही वॉरफरीन घेणाऱ्या रुग्णानं आपल्या डॉक्टरला सांगितल्याशिवाय सुंठीच्या गोळ्या रोज सुरू करू नयेत, कारण बारा निरोगी तरुण म्हणजे औषधांची पिशवी बाळगणारा सत्तरीचा माणूस नव्हे.

मला खरी काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या वेळाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. बाळंतिणीला आपण सुंठ देतो, डिंकाचे लाडू देतो, आणि ते मायेनं देतो. तिला उठता-बसता चक्कर येत असेल तर तिचं हिमोग्लोबिन तपासणं आणि लोह देणं हे आधी. शेतावर उन्हात भोवळून पडणाऱ्या माणसाला पाणी, मीठ, साखर आणि सावली. रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्यापासून उठताना अंधारी येत असेल तर गोळ्यांचा फेरविचार. आणि चकरेबरोबर अचानक जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, हात-पाय लुळे पडणं, उभंच राहता न येणं यांपैकी काही दिसलं तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा सुंठ उगाळत बसण्यातली मिनिटंसुद्धा परवडणारी नसतात.

म्हणजे घाटात गाडी लागते, बोट लागते, तिथे निघण्याआधी अर्धा-एक तास एक ग्रॅमच्या आसपास सुंठ घ्यायला हरकत नाही. झोप आणत नाही, हा तिचा मोठा गुण. प्रवासातल्या उलटीच्या गोळ्या घेतलेला माणूस पेंगतो. पण वारंवार येणाऱ्या, घर फिरवणाऱ्या चकरेवर सुंठीनं गुण येतो असं म्हणायला आजच्या पुराव्यात जागा नाही.

ही जागा भरून काढणारी चाचणी महाराष्ट्रात करता येण्यासारखी आहे. एप्लीची कृती यशस्वी झाल्यावरही बऱ्याच रुग्णांना पुढचे काही दिवस हलकं तरंगल्यासारखं, मळमळल्यासारखं वाटत राहतं. स्फटिक जागेवर गेलेले, निदान पक्कं, आणि उरलेली तक्रार नेमकी त्या जातीची जिच्यावर सुंठ चालत असावी. अशा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत. एकाला जिंजेरॉल आणि शोगाओल मोजून घेतलेली सुंठ द्यावी, दुसऱ्याला ढेकर आला तरी तिखट लागेल अशी पण ही द्रव्यं नसलेली पूड. गरगरणं आणि मळमळ यांच्या नोंदी वेगवेगळ्या घ्याव्यात, एकत्र नव्हे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत असे रुग्ण येतात, आयुर्वेद महाविद्यालयांत सुंठीची पारख असणारे द्रव्यगुणाचे अध्यापक आहेत. दोघांनी मिळून हे काम केलं तर खर्चही फार नाही. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदवलेली असावी, काय मोजणार आणि केव्हा मोजणार हे तिथे आधीच लिहिलेलं असावं, म्हणजे निकाल सुंठीच्या विरुद्ध गेला तरी तो दडपता येणार नाही.